मातेरं

(पत्र मोठं होतं. थोडं कमी केलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

ताई,

माझं वय 38. खारघरला राहतो, ऐरोलीत एका कंपनीत नोकरीला आहे. बायको बँकेत, मुलगी चौथीत. आई आमच्याजवळच असते. वडील जाऊन अकरा वर्षं झाली.

वडील माथाडी होते, मूळचे पाटण तालुक्यातले. आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीत भाड्याने राहायचो. मी दुसरीत असताना पाठीवर गोणी घेऊन चालताना त्यांचा तोल गेला, मणका सरकला आणि जड काम कायमचं सुटलं. मग आई वाशीच्या दाणाबाजारात जायला लागली. गाड्या खाली होताना सांडलेलं धान्य गोळा करायचं, चाळायचं, निवडायचं. झाडलोटच ती. त्यातलं थोडं घरी यायचं. कधी तांदूळ, कधी तूरडाळ, कधी दोन्ही एकत्र. आई रात्री उशिरापर्यंत निवडत बसायची, तरी एखादा खडा राहायचाच.

पाचवीत मधल्या सुट्टीत एका मित्राने माझ्या डब्यातला भात घेतला आणि त्याच्या दाताखाली कचकन खडा आला. तो थुंकला. शेजारी एक मुलगा बसला होता, त्याचे वडील बाजारात एका गाळ्यावर मेहता, म्हणजे हिशेब लिहिणारे कारकून, होते. तो म्हणाला, 'अरे, याची आई मातेरं गोळा करते. मातेऱ्याचा भात आहे तो.' सगळे हसले. वर्गात बाई होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत वह्या तपासायला लागल्या. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव 'मातेरं'.

घरी जाऊन आईला म्हणालो, उद्यापासून डब्यात भात नको, चपाती दे. आणि तू शाळेत येत जाऊ नकोस. तिने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. (माझ्या पदवीदान समारंभालाही ती आली नाही. नेरूळलाच होता. गुडघे दुखतात म्हणाली.)

गेल्या महिन्यात मुलीचा वाढदिवस घरीच केला. सोसायटीतले लोक होते, ऑफिसचे होते. जेवणं झाल्यावर आई खाली बसली आणि फरशीवर सांडलेली पुलावाची शितं वेचायला लागली. एकेक शीत उचलून डाव्या तळव्यावर ठेवत होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, 'आई, पुरे! लोक बघताहेत.' ती उठली. हातातलं कुठे टाकावं हे तिला कळेना, मग मूठ मिटून आत गेली. तेव्हापासून घरी कोणी आलं की ती खोलीत जाऊन दार लावून घेते. बायको विचारते, झालं काय. तिला एवढंच माहीत आहे की आई बाजारात होती. आई भाजी विकायची असा तिचा समज आहे आणि मी तो कधी दुरुस्त केला नाही.

त्याच आठवड्यात मुलगी जेवताना म्हणाली, 'आमच्या वर्गात ती आरटीईवाली आहे ना, ती सहलीला येणार नाहीये. तिच्याकडे पैसे नसतात.' माझे कान तापले. पण तोंडातून शब्द फुटला नाही.

ताई, ही लाज कधी जाणार? आजही भाताचा पहिला घास घेताना माझी जीभ आधी खडा शोधते. आईशी काय बोलू? आणि मुलीला हे सगळं सांगावं का?

— एक वाचक, खारघर

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याशी अडकले. 'वर्गात बाई होत्या.' तुम्ही ते घाईत लिहून पुढे गेलात, जणू त्या बाई म्हणजे वर्गातला फळा किंवा खिडकी. मला पुढे जाता येईना, कारण मीसुद्धा बाईच होते. 31 वर्षं. पहिली आठ शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत, उरलेली ठाण्यात एका अनुदानित शाळेत. तुमच्या वर्गातल्या बाई मी नव्हे. पण मान वर करून पुन्हा वह्यांत घालणं मला चांगलंच ठाऊक आहे.

ठाण्याच्या शाळेत सत्र निम्मं झालं की ऑफिसातून एक यादी यायची. फी बाकी असलेल्यांची, ईबीसीचा, म्हणजे फी सवलतीचा, फॉर्म न भरलेल्यांची, उत्पन्नाचा दाखला न आणलेल्यांची. शिपाई ती टेबलावर ठेवायचा आणि मी मोठ्याने वाचायचे. ज्याचं नाव आलं त्याने उभं राहायचं. मी शाळेत असताना माझ्या बाई अशीच यादी वाचायच्या, म्हणून मीही वाचायचे. यापेक्षा दुसरं कारण माझ्याकडे नाही. एक मुलगा वागळे इस्टेटच्या बाजूने चालत यायचा. वडिलांची कंपनी बंद पडली होती. तिथे तेव्हा एकेका कंपनीला टाळं लागत होतं आणि आमच्या वर्गातल्या यादीत नावं वाढत होती. शिपाई नुसता दारात दिसला तरी हा मुलगा उभा राहायचा, मी यादी हातात घेण्याच्याही आधी. मला वाटायचं, काय शिस्तीचं पोर आहे! स्टाफरूममध्ये कौतुकही केलं असेन. निवृत्त झाल्यावर एका रात्री, काही कारण नसताना, तो डोळ्यांसमोर आला आणि उमगलं की त्याला आपलं नाव ऐकायचं नव्हतं. आधीच उभं राहिलं तर बाई नाव घेणार नाहीत, असा त्याचा हिशेब असणार. आणि मी तरीही घ्यायचे. यादीत होतं ना.

हे तुम्हाला सांगते आहे त्याला कारण आहे. 28 वर्षं तुम्ही त्या मधल्या सुट्टीचा खटला स्वतःवर चालवता आहात आणि त्यातल्या बाकीच्या आरोपींना कधी समन्ससुद्धा गेलेलं नाही. तो मेहत्याचा मुलगा लहान होता. घरी ऐकलेलंच त्याने वर्गात बोलून दाखवलं असेल. हसणारीही लहानच होती. पण बाई मोठ्या होत्या. त्या उठून तुमच्या बाकापाशी आल्या असत्या, 'मलाही एक घास दे रे' एवढंच म्हणाल्या असत्या, तर दहावीपर्यंत तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारली गेली असती. त्यांनी ते केलं नाही. एक बाई म्हणून मी हे लिहून देते: ती चूक त्यांची होती. तुमची नव्हती, आणि तुमच्या आईची तर नव्हतीच नव्हती.

शहापूरचं एक सांगते. केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1995 ला शाळेतल्या मुलांच्या पोषण आहाराची योजना सुरू केली. तेव्हा शिजवलेली खिचडी नव्हती. पहिली ते पाचवीच्या ज्या मुलाची हजेरी 80 टक्के भरेल त्याला महिन्याला 3 किलो तांदूळ. वाटपाच्या दिवशी पोरं घरून पिशव्या आणायची आणि डोक्यावर तांदूळ घेऊन, अक्षरशः नाचत घरी जायची. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याचा मुलगा त्यात असायचा आणि दुकानदाराचाही. त्या तांदळातही खडे असायचे. पण सगळ्यांच्याच घरी ते निवडले जायचे, त्यामुळे खडे निघाले म्हणून कोणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. लाजेने खाली गेलेली मान मी पाहिली ती ठाण्यात, जिथे वर्गातले दहाजण उभे असायचे आणि चाळीस बसलेले. गरिबी शहापूरला जास्तच होती. पण मुलाला सगळ्यांतून वेगळं काढून उभं करायची सोय तिथे आम्ही केलेली नव्हती. नऊ-दहा वर्षांचं मूल नुकतंच स्वतःला इतरांशी ताडून बघायला लागलेलं असतं. आपली चप्पल, आपला डबा, आपली आई. नेमक्या त्या वयात कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं की ते बोट आत कुठेतरी रुतून बसतं.

आता त्या शब्दाकडे येते, कारण तो तुम्हाला डागणीसारखा लागला आहे. 'संसाराचं मातेरं झालं' असं आपण सहज बोलून जातो, म्हणजे सगळं मातीला मिळालं. पण ज्या बाईच्या हातून मातेरं गेलं आहे तिला विचारा. त्यात धान्य असतं म्हणून तर ते कोणी गोळा करतं. नुसत्या मातीला कोण हात लावतं? आणि त्यातून धान्य काढणं ही काय सोपी गोष्ट आहे? सुपात घोळताना मनगट किती फिरवायचं म्हणजे खडे एका कडेला येतील, पाखडताना सूप किती उंच उडवायचं म्हणजे तूस पुढे जाईल आणि दाणा मागे राहील, तूरडाळ आणि तांदूळ एकत्र आले तर चाळणीचं भोक कुठलं घ्यायचं. मला हे येत नाही. माझ्या आईला यायचं, ती शिकवत असताना मी अभ्यासाचं निमित्त करून उठायचे. तुमच्या डब्यात एक खडा राहिला, तो तुम्हाला आयुष्यभर पुरला. दिवसभर बाजारात उकिडवं बसून आलेली ती बाई रात्री पुन्हा सूप घेऊन बसायची. त्या सुपातून निघून गेलेले खडे तुमच्या दाताखाली कधी आलेच नाहीत, त्यामुळे ते तुम्हाला माहीत नाहीत.

तुम्ही तिच्या कामाला 'झाडलोट' म्हटलं आहे. दाणाबाजारात हे काम करणाऱ्या बायकांना पालावाल म्हणतात, हे तुम्ही बाजाराच्या इतक्या जवळ वाढलात तर ऐकलं असणारच. माथाडी, मापाडी, वारणार, तशाच पालावाल. 1969 चा माथाडी कायदा ज्या कष्टकऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवला, त्यांच्या मागण्यांची निवेदनं आजही निघतात तेव्हा त्यात या बायकांचं नाव असतं. तुमचे वडील 'माथाडी होते' असं तुम्ही सरळ लिहिलंत, त्यात कुठे अडखळला नाहीत. माथाडी म्हटलं की पाटण, जावळी, युनियन, मेळावे, सगळा मान डोळ्यांसमोर येतो. आईच्या कामाचं नाव मात्र तुमच्या लेखणीतून उतरलं नाही. आईचं नाव माथाडी बोर्डात होतं का? कुठल्या गाळ्यांवर जायची, बरोबर कोण कोण होत्या, दिवसाला काय सुटायचं, पावसाळ्यात भिजलेल्या धान्याचं काय व्हायचं? पत्रात यातलं काहीच नाही. मला वाटतं तुम्ही कधी विचारलंच नाहीत, आणि विचारलं नाहीत कारण उत्तर ऐकताना पुन्हा पाचवीचा वर्ग समोर येईल ही भीती होती.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे, पदवीदान समारंभाचं. गुडघे दुखतात म्हणाली. दुखत असतीलही, वर्षानुवर्षं उकिडवं बसून गुडघे राहतात कुठे. पण खरं कारण तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही ते लिहिलं नसतं. पाचवीतल्या मुलाने 'येत जाऊ नकोस' म्हटलं आणि तिने ते बारा वर्षं पाळलं. आता अडतिसाव्या वर्षी तुम्ही 'लोक बघताहेत' म्हणालात, तर ती हेही पाळते आहे. दार लावून घेणं म्हणजे रुसवा आहे असं समजू नका. तुमची अडचण होऊ नये म्हणून ती स्वतःला आवरून ठेवते आहे, जशी ती तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर राहिली.

इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलायला हवं. लाज वाटणं वेगळं आणि अपराधी वाटणं वेगळं. लाज सांगते, मीच कमी आहे. अपराधी मन सांगतं, मी अमुक एक गोष्ट चुकीची केली. तुमच्या मनात हे दोन्ही एकाच गोणीत भरलं गेलं आहे. पाचवीतलं जे आहे ती लाज, आणि ती तुमची नव्हेच, ती इतरांनी तुमच्या अंगावर टाकली. दहा वर्षांच्या मुलाने आईला शाळेत येऊ नको म्हटलं याचा हिशेब कोणी मागू नये. तुम्हीही स्वतःकडे मागू नका. वाढदिवसाचं मात्र तसं नाही. तेव्हा तुम्ही मोठे होता, घर तुमचं होतं, आणि वर्गातल्या त्या मुलाने तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही चारचौघांत आईशी केलंत. हे तुमचं आहे. आणि याचीच मला आशा वाटते, कारण अंगावर टाकलेल्या लाजेचं काय करायचं हे लवकर कळत नाही. स्वतः केलेली चूक निदान कबूल तरी करता येते.

तर आईशी बोला. लवकर बोला. कसं, ते सांगते.

तिला समोर बसवून, 'आई, मला तुझ्याशी बोलायचंय' अशी सुरुवात करू नका, ती घाबरेल. तिला वाटेल, आता दुसरीकडे राहायला सांगतोय. ती काही करत असेल तेव्हा जवळ जाऊन बसा. लसूण सोलत असेल, भाजी निवडत असेल, तुम्हीही हात लावा. आणि नेमकं तेच बोला जे घडलं: 'वाढदिवसाला तू शितं वेचत होतीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो. मला लोकांची लाज वाटली. तू काही चुकीचं करत नव्हतीस.' 'माझं काही चुकलं असेल तर' असं अजिबात म्हणू नका, त्या 'असेल'मध्ये सगळं वाहून जातं. 'मला माफ कर' असंही लगेच म्हणू नका, कारण मग ती तुमचे डोळे पुसायला लागेल आणि विषय तुमच्याकडे वळेल. ती म्हणणार, 'जाऊ दे रे, काय घेऊन बसलास.' या पिढीच्या बायका हेच म्हणतात. तुम्हाला हायसं वाटेल आणि उठावंसं वाटेल. उठू नका. बसून राहा. मग पाचवीचं सांगा, डब्याचं, त्या नावाचं. तिला का ते कळलंच नव्हतं, कारण तिने विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. इतकी वर्षं तिने स्वतःच काहीतरी कारण ठरवून घेतलं असेल, आणि ते तुमच्या खऱ्या कारणापेक्षा वाईटही असू शकतं.

ती रडेल, चिडेल, किंवा गप्प राहील. कदाचित म्हणेल, मला सगळं ठाऊक होतं, त्या पोराच्या बापाला मी बाजारात रोज बघत होते. तिलाही तेव्हा काही सोसावं लागलं असेल, कोणी गाळ्यावरून हाकललं असेल, आणि ते तिला बोलायचं नसेल तर खोदून काढू नका. आणि तुमच्यावर राग काढलाच तर काढू द्या, लगेच बाजू मांडू नका.

बायकोला मात्र याच्या आधी सांगा. भाजी विकण्याचा तो गैरसमज आता पुरे. घरात एका माणसापासून गोष्ट लपवायची म्हटलं की बाकी सगळ्यांना त्या लपवण्यात सामील व्हावं लागतं; तुमची आई इतकी वर्षं सुनेसमोर काय काय गिळत आली असेल.

पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा तिच्या खोलीत स्वतः जा. 'चल बाहेर' असा हुकूम नको. 'येतेस का? माझ्याजवळ बस' असं विचारा, आणि नको म्हणाली तर तिचं ऐका. आणि आली, तर पाहुण्यांना सांगताना 'आई दाणाबाजारात कामाला होती' हे सांगायचं का, ते तिला आधी विचारून ठरवा. तिची परवानगी नसताना तिच्या कष्टांचा अभिमान मिरवणं हेही तिला न विचारता ठरवणंच आहे.

मुलीचं. सांगावं का? सांगावं, पण ज्या दिवशी तिने ताटात भात टाकला त्या दिवशी नव्हे. 'तुझी आजी दाणे वेचायची आणि तू अन्न टाकतेस' असं एकदा जरी तुम्ही म्हणालात, तर आजीचं आयुष्य तिच्यासाठी एक शिक्षा होऊन बसेल. आमच्या पिढीने हे फार केलं. आमच्या हालांच्या गोष्टी मुलांच्या ताटावर मोजून ठेवल्या आणि मुलं त्या गोष्टींनाच कंटाळली. तुम्ही आईशी बोललात, घरात ते बोलणं मोकळं झालं, की मुलीच्या कानावर ते आपोआप पडेल आणि ती स्वतःहून विचारेल. नववं-दहावं वर्ष म्हणजे प्रश्नांचंच वय. आजीलाच उत्तर देऊ द्या.

'आरटीईवाली' या शब्दासाठी मात्र थांबू नका. त्याचं आजच बघा. चौथीतल्या मुलीने हा शब्द मनाने तयार केलेला नाही. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी, प्रवेश सोडतीने. वर्गात बसल्यावर हे मूल कुठून आलं हे बाकीच्यांना कळायचं कारणच नाही. या मुलांना वेगळं काढायचं नाही, भेदभाव करायचा नाही, हे नियम आहेत. आणि कायद्याचं कलम 17 मुलांच्या मारहाणीला जशी बंदी घालतं तशी मानसिक छळालाही. तरीही मुलांना कळतं, कारण पालकांच्या ग्रुपवर आणि शाळेच्या फाटकाशी आपणच बोलतो. मुलीला ओरडू नका. जवळ घ्या, सरळ विचारा, हा शब्द कोणाकडून ऐकलास? आणि सांगा, तिला तिच्या नावाने हाक मारत जा. एवढंच. मग वर्गशिक्षिकेला एकटं गाठा. सांगा की वर्गात हा शब्द फिरतो आहे, आणि सहलीचे पैसे कोणी दिले, कोणी नाही, हे वर्गात विचारलं जात असेल तर ते थांबवा. सहलीचा खर्च द्यावासा वाटला तर शाळेच्या कार्यालयात द्या, तुमचं नाव न सांगता, आणि घरी मुलीला कधीही कळू देऊ नका. शिक्षिका ऐकून घेईल. नाही ऐकलं तर पुन्हा जा. माझ्या काळात एक जरी पालक माझ्याकडे येऊन म्हणाला असता की 'बाई, यादी मोठ्याने वाचू नका,' तर मी थांबले असते असं मला वाटतं. कोणी आलं नाही. ज्यांची मुलं उभी राहायची ते येऊ शकत नव्हते, आणि ज्यांची बसलेली असायची त्यांना यायचं कारण नव्हतं. तुम्ही आता त्या दुसऱ्या रांगेत आहात, म्हणून तुम्ही जा.

लाज कधी जाणार, असं तुम्ही विचारलं. सगळी जाईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. जीभ खडा शोधते तर शोधू दे. ती तुमच्या डब्याची राखण करायला शिकली आहे, सहजासहजी विसरणार नाही. पण मी पाहिलं आहे की जी गोष्ट घरात एकदा मोठ्याने बोलली जाते तिचा जोर कमी होतो. बोलूनही झोप लागत नसेल, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येत असेल, चिडचिड घरच्यांवर निघत असेल, तर समुपदेशकाकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ठाण्यात नौपाड्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. खारघरहून फार लांब नाही.

वागळे इस्टेटच्या त्या मुलाला मी शोधलं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं, तिथे तो नाही. त्या वर्गाची बारीकसारीक आठवण काढणारी चाळीस मुलं तिथे आहेत, तोच नाही. त्याचं आडनाव इतकं नेहमीचं आहे की एवढ्या मोठ्या ठाण्यात शोधायचं कुठे. काय बोलायचं ते माझ्याकडे तयार आहे आणि ऐकणारा नाही. तुमची आई दोन खोल्या पलीकडे आहे.

सुरुवात कुठून करावी हे तरीही सुचलं नाही, तर मला पत्र वाचल्यापासून जो प्रश्न पडला आहे तो तिला विचारा. त्या दिवशी मूठ मिटून आत गेलीस, त्या शितांचं पुढे काय केलंस?